दमदार मोटारीचें नवें सुकाणू



मोटार चालविणारा मनुष्य आणि त्याची मोटार यांचा प्रत्यक्ष स्पर्श मोजक्याच ठिकाणीं होतो. बैठकीला त्याची पाठ टेकलेली असते, पायांखालीं ब्रेक आणि क्लच असतात, आणि हातांत एक चाक असतें. ग्रांथिक मराठींत त्याला सुकाणू म्हणावें. बोलतांना सर्वजण त्याला स्टिअरिंग म्हणतात. टांगेवाल्याच्या हातीं जें काम लगाम करतो, तेंच मोटारींत हें चाक करतें. फरक एवढाच कीं, लगाम चुकीचा ओढला गेला तरी शहाणा घोडा स्वतःची बुद्धि थोडीफार चालवितो. मोटारीला तशी बुद्धि नसते. हातानें जें सांगितलें तेंच ती करते. आणि हाताचा निरोप चाकांपर्यंत पोहोंचलाच नाहीं, तर ती कांहींच करीत नाहीं.

अमेरिकेंत कांहीं जुन्या मोटारींचें हें चाक काढून त्या जागीं दुसऱ्याच कारखान्यांत झालेलें नवें चाक बसविण्याचा छंद फार आहे. काम दिसावयास सोपें, एका दुपारचें. परंतु या एका दुपारच्या कामांत मालकाचा जीव आणि मोटारीचा इतिहास अशा दोन गोष्टी पणास लागतात. म्हणून त्याचा थोडा सविस्तर विचार करणें उचित होईल.

ज्या मोटारींविषयीं हें बोलणें आहे त्यांना तिकडे ‘मसल कार’ म्हणतात. मध्यम आकाराची, दोन दारांची, साध्या बांध्याची गाडी घ्यावयाची आणि तिच्या पोटांत मोठ्या गाडीचें आठ सिलिंडरांचें इंजिन घालावयाचें, ही त्यांची कृति. पाँटिअकनें १९६४ च्या मॉडेलांत आपल्या टेंपेस्ट या गाडीवर ३८९ घन इंचांचें, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटरांचें, इंजिन बसवून तिला जी. टी. ओ. असें नांव दिलें. या वर्गाचा आरंभ बहुतेक लोक तेथूनच धरतात. त्याच वर्षीं १७ एप्रिलला फोर्डची मस्टँग लोकांपुढें आली. तिची चण जरा लहान असली तरी कूळ तेंच. मग १९६७ च्या मॉडेलांत शेव्हरोलेची कॅमरो आणि १९६८ मध्यें प्लिमथची रोड रनर आली. १९७० नंतर धुराविषयींचे कायदे कडक झाले, विम्याचे हप्ते वाढले, १९७३ सालीं तेलाचा तुटवडा पडला, आणि या गाड्यांचा भर ओसरला. ज्या उरल्या त्या आज पन्नास-साठ वर्षांच्या आहेत, आणि त्यांचे मालक त्यांना घरच्या माणसांप्रमाणें जपतात.

अशा गाडीचें मूळचें चाक व्यासानें सुमारें १६ इंच असे. चाक मोठें ठेवण्याचें कारण तरफेच्या नियमांत आहे. पुढें लोखंडी इंजिनाचें ओझें, आणि पुष्कळ गाड्यांत सुकाणूला यंत्राची मदत नसे. तेव्हां चाक जितकें मोठें तितका हाताला कमी जोर लागे. त्याचें कडें मात्र बारीक असे, आंत पोलाद आणि वर कठीण प्लॅस्टिक. उन्हानें आणि थंडीनें हें प्लॅस्टिक आक्रसतें, त्याला तडे जातात, आणि आऱ्यांच्या मुळाशीं भेगा पडतात. अशा चाकावरून हात फिरवितांना तळव्याला ओरखडे निघतात. मालकाला वाटतें, येथें कातड्यानें मढविलेलें किंवा गुळगुळीत लांकडाचें, मुठींत भरणारें, किंचित् लहान चाक असावें.

ही हौस आजची नव्हे. इटलींत एन्रिको नार्डी यांची लांकडी कड्याचीं चाकें नामांकित होतीं. जानपिएरो मोरेत्ती या शर्यतपटूनें १९६४ च्या सुमारास स्वतःच्या गाडीसाठीं जाड मुठीचें चाक करवून घेतलें, आणि त्यांतूनच पुढें मोमो हा कारखाना उभा राहिला. कॅरोल शेल्बी यांची १९६५ ची जी. टी. ३५० ही मस्टँग तर लांकडी कड्याचें चाक घेऊनच ग्राहकाच्या दारीं येत असे. तेव्हां चाक बदलणें म्हणजे गाडीचा अपमान होय, असें म्हणतां येणार नाहीं. त्या गाड्यांच्या भरभराटीच्या काळींहि लोक तेंच करीत होते.

परंतु चाकाला हात लावण्यापूर्वीं त्याच्यामागें काय आहे तें पाहिलें पाहिजे. चाकाच्या मध्यापासून एक पोलादी दांडा निघतो आणि इंजिनाच्या कुशीला असलेल्या सुकाणूपेटीला जाऊन मिळतो. १९६५ व १९६६ च्या मस्टँगमध्यें हा दांडा पेटीपासून चाकापर्यंत एकसंध होता. समोरून टक्कर झाली म्हणजे गाडीचें नाक चेपावें, पेटी मागें रेटली जावी आणि दांडा भाल्यासारखा चालकाच्या छातीकडे यावा, असा त्या रचनेंत धोका होता. गाडी भिंतीवर आदळते ती पहिली टक्कर. आंतील मनुष्य गाडीच्याच अंतर्भागावर आदळतो ती दुसरी. मनुष्याला इजा होते ती या दुसरीनें. राल्फ नेडर यांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ या पुस्तकांत या दुसऱ्या टकरीला एक स्वतंत्र प्रकरणच दिलेलें आहे.

पुढच्या वर्षीं, ९ सप्टेंबर १९६६ रोजीं, अध्यक्ष जॉन्सन यांनीं मोटारींच्या सुरक्षिततेच्या कायद्यावर सही केली. जनरल मोटर्सनें १९६७ च्या मॉडेलांपासून सुकाणूचा खांबच निराळा केला. आंतील दांडा दोन तुकड्यांचा, एकांत एक सरकणारा. ते तुकडे जागीं राहावेत म्हणून मध्यें प्लॅस्टिक ओतून केलेल्या बारीक खुंट्या. आणि बाहेरील नळीचा कांहीं भाग जाळीसारखा कापलेला. जबर धक्का बसतांच खुंट्या तुटतात, दांडा दांड्यांत शिरतो, जाळी चुरगळते, आणि छातीवर यावयाचा आघात त्या चुरगळण्यांत खर्ची पडतो. १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकन सरकारनें नियमच घालून दिला कीं, ताशीं ३० मैलांच्या वेगानें गाडी अडथळ्यावर आदळली असतां चाक ५ इंचांहून अधिक मागें येऊं नये. आणि माणसाच्या धडाएवढा ठोकळा ताशीं १५ मैलांनीं चाकावर आपटला असतां त्यावर २,५०० पौंडांहून अधिक जोर येऊं नये.

या इतिहासांतून मालकानें दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. पहिली ही कीं, आपली गाडी १९६७ च्या अलीकडची कीं पलीकडची, हें त्यानें आधीं पाहावें. पलीकडची असेल तर नुसतें चाक बदलून छाती सुरक्षित होत नाहीं. जमल्यास संबंध खांबच चेपणाऱ्या जातीचा घालावा. असे खांब जुन्या गाड्यांसाठीं आतां तयार मिळतात. निदान खांद्यावरून येणारा तीन टोकांचा पट्टा तरी बसवावा. दुसरी गोष्ट ही कीं, त्या काळच्या पुष्कळ मूळ चाकांच्या मध्यभागीं जी जाड, मऊ गादी दिसते ती शोभेची नाहीं. फोर्डनें १९६७ मध्यें मुख्य भिस्त अशा खोल गादीवरच ठेविली होती. ती गादी काढून त्या जागीं ॲल्युमिनियमचा चकचकीत, कठीण, धारदार कडांचा तुंबा बसविणें म्हणजे घराच्या दारावरचा पहारेकरी काढून तेथें आरसा लावण्यासारखें आहे.

येथें कायद्याचाहि उपयोग बेताचाच. १९७४ च्या दुरुस्तीनें केंद्रीय कायद्यानें कारखानदार, विक्रेते आणि दुरुस्तीवाले यांना अशी संरक्षक साधनें निकामी करण्यास मनाई केली. परंतु मालक स्वतःच्या हातानें स्वतःच्या गाडींत जें करील त्याला ती मनाई लागू नाहीं. जेथें कायदा हात धरीत नाहीं तेथें मनुष्यानें स्वतःच स्वतःचा हात धरावा लागतो.

आतां निवड कशी करावी तें पाहूं. प्रथम व्यास. १६ इंचांच्या चाकाऐवजीं १४ इंचांचें घेतलें तर त्रिज्या ८ इंचांवरून ७ वर येते, आणि तेंच वळण घेण्यास हाताला सुमारें १४ टक्के अधिक जोर लागतो. १३ इंचांचें घेतलें तर हा वाढावा सुमारें २३ टक्क्यांवर जातो. रस्त्यावर धांवतांना हें फारसें जाणवत नाहीं. गाडी उभी करण्याच्या जागेंत मागें-पुढें करतांना मात्र खांदे दुखूं लागतात. सुकाणूला यंत्राची मदत असलेल्या गाडींत लहान चाक खपून जातें; नसलेल्या गाडींत १५ इंचांच्या खालीं उतरतांना दोनदां विचार करावा. शिवाय लहान चाकाच्या कड्याआड वेगदर्शकाची तबकडी झांकली जाते कीं काय, हेंहि बैठकीवर बसून पाहावें.

दुसरी गोष्ट खोलीची. कांहीं चाकें ताटासारखीं सपाट असतात, कांहींचें कडें परातीच्या कांठासारखें चालकाकडे आलेलें असतें. छाती आणि चाक यांमधील अंतर मूळपेक्षां कमी होतां कामा नये. आणि तें इतकें वाढूंहि नये कीं हात ताणून धरावे लागतील; कारण ताणलेला हात लवकर थकतो आणि अडचणीच्या क्षणीं झटकन् वळत नाहीं.

तिसरी गोष्ट जोडणीची. नवें चाक दांड्यावर थेट बसत नाहीं; मध्यें एक जोडतुंबा लागतो. त्याचें एक तोंड गाडीच्या दांड्याशीं आणि दुसरें चाकाच्या भोंकांशीं जुळावें लागतें. दांड्याच्या टोंकावर बारीक दांते कापलेले असतात; त्यांची संख्या आणि जाडी कंपनीगणिक आणि सालागणिक बदलते. चाकाच्या भोंकांचेंहि तसेंच आहे. नार्डीच्या पद्धतींत सहा भोंकें ७४ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात, मोमोच्या पद्धतींत सहाच भोंकें परंतु ७० मिलिमीटरांवर. चार मिलिमीटरांचा हा फरक डोळ्यांना दिसत नाहीं; स्क्रू बसवितांना मात्र दिसतो. भोंक कानशीनें वाढवून ‘जमवून घेण्याचा’ मोह अशा वेळीं होतो. तो टाळावा. जोडतुंबा निवडतांना, धक्क्यानें चेपणारा पातळ भिंतीचा मिळत असेल तर तोच घ्यावा. आणि लांकडी चाक घेतांना लांकडाच्या आंत धातूचें अखंड कडें आहे याची खात्री करून घ्यावी, कारण नुसतें लांकूड मोडलें कीं त्याच्या काटक्या होतात आणि त्या टोंचतात.

आतां प्रत्यक्ष काम. आरंभीं बॅटरीची ऋण तार सोडावी. पुढचीं चाकें ठीक सरळ करावीं आणि त्यानंतर सुकाणूला हात लावूं नये. मधली टोपी काढली कीं भोंग्याची तार, एखादी स्प्रिंग आणि मोठा नट दिसतो. दांड्यावर आणि जुन्या तुंब्यावर समोरासमोर खूण करावी. बहुतेक दांड्यांवर ती कारखान्यांतूनच केलेली असते. तरी ती दिसली नाहीं तर टोचणीनें करून घ्यावी. मग नट सैल करावा, परंतु पुरता काढूं नये. दोन-तीन आटे शिल्लक ठेवावे. घट्ट बसलेलें चाक एकाएकीं सुटलें तर तें चालविणाऱ्याच्या तोंडावर येतें; तो शिल्लक नट त्याला अडवितो.

चाक काढण्यास पुलर हेंच हत्यार. त्याचे दोन बोल्ट तुंब्यांतील आटेदार भोंकांत बसतात आणि मधला स्क्रू दांड्याच्या टोंकावर टेकतो. तो फिरविला कीं चाक सावकाश वर येतें. पुलर जवळ नसला कीं हातोडी जवळची वाटते. ज्या गाडींत चेपणारा खांब आहे, तेथें दांड्याच्या टोंकावर मारलेला हातोडा त्या प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बसतो. त्या आंतल्या आंत तुटतात, बाहेरून कांहींच दिसत नाहीं, आणि ज्या दिवशीं त्यांनीं उपयोगीं पडावयाचें त्या दिवसाच्या आधींच त्या कामास आलेल्या असतात. दांड्याला खालीं-वर खेळ येतो. तो हाताला जाणवला तर खांब उघडून दुरुस्त केल्यावांचून गाडी रस्त्यावर आणूं नये.

चाक निघाल्यावर त्याच्या मागें दिशादर्शक दिव्यांची यंत्रणा दिसते. वळण पुरें होऊन चाक मूळ जागीं आलें कीं खुणेचा दिवा आपोआप विझतो, तो तेथील एका लहानशा उंचवट्यामुळें. जनरल मोटर्सच्या गाड्यांत या भागालाच भोंग्याची संपर्काची कडी जोडलेली असते. तींतून एक स्प्रिंगदार खुंटी वर येते आणि तुंब्याच्या भोंकांतून बटणापर्यंत वीज पोहोंचविते. भोंग्याची रचना मोठी साधी आहे: बटण दाबलें कीं तार गाडीच्या धातूला टेकते, रिले ओढली जाते आणि भोंगा वाजतो. म्हणूनच ही तार कोठें उघडी पडून धातूला लागली तर भोंगा अखंड वाजत राहातो, आणि जोडतुंबा खुंटीपर्यंत पोहोंचला नाहीं तर तो मुळींच वाजत नाहीं. उंचवट्याची जागा एका दांत्यानें चुकली, तर दिवा एका बाजूस लवकर विझतो आणि दुसऱ्या बाजूस विझतच नाहीं.

जोडतुंबा खुणेला खूण लावून दांड्यावर बसवावा. दांते ३६ असतील तर एका दांत्याची चूक म्हणजे १० अंशांचें वांकडेपण. गाडी सरळ चालली असतां चाक थोडेंसें वांकडें दिसूं लागलें, तर दांते बदलून तें ‘सरळ’ करण्याकडे मन धांवतें. तसें करूं नये. सुकाणूपेटींतील दांत्यांची जुळणी ठीक मध्यभागीं सर्वांत घट्ट ठेवलेली असते. पेटी मध्यावर नसतांना वर चाक सरळ दिसलें, तर डोळ्याचें समाधान होतें, परंतु सरळ रस्त्यावर गाडी भरकटूं लागते. वांकडेपण काढावयाचें तें खालीं, पुढच्या चाकांना जोडणाऱ्या सळ्यांवर, दोन्ही बाजूंस सारखें फिरवून.

मग नट. सबंध चाक आणि त्याला धरलेले दोन हात या एका नटावर विसंबून असतात. जोडतुंबा जाड असला तर नटाला आटे थोडे मिळतात. नट पुरता बसून दांड्याचें टोंक त्याच्या बाहेर आलेलें दिसलें पाहिजे. नट आवळावा तो टॉर्क-पान्यानें, गाडीच्या स्वतःच्या पुस्तिकेंत दिलेल्या आंकड्याप्रमाणें. त्या काळच्या पुष्कळ जनरल मोटर्सच्या गाड्यांत हा आंकडा ३० फूट-पौंडांच्या आसपास आहे. परंतु शेजाऱ्याच्या गाडीचा आंकडा आपल्या गाडीला लावूं नये. आवळतांना चाक हातानें धरावें. सुकाणूचें कुलूप ज्या गाडींत आहे तेथें त्या कुलपावर जोर टाकूं नये. त्यानंतर नवें चाक जोडतुंब्यावर ठेवून त्याचे स्क्रू समोरासमोरच्या जोडीनें, थोडेथोडे आवळावे, म्हणजे चाक एका अंगाला कलत नाहीं.

काम झालें असें वाटतें तेथूनच परीक्षेला सुरुवात होते. गाडी उभी ठेवून चाक एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत फिरवावें आणि घांसण्याचा आवाज येतो का तें ऐकावें. प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला भोंगा वाजवून पाहावा. दोन्ही बाजूंचे खुणेचे दिवे विझतात का तें पाहावें. चाक दोन्ही हातांनीं धरून स्वतःकडे ओढावें, वर-खालीं हलवावें. केंसाएवढाहि ढिलेपणा जाणवला तर सर्व उकलून पुन्हां बसवावें. मग मोकळ्या पटांगणांत सावकाश फेरी मारावी. शंभरएक मैल चालल्यावर टोपी काढून नट आणि स्क्रू पुन्हां एकदां तपासावे. ही शेवटची तपासणी पुष्कळ मालक विसरतात, कारण तोंपर्यंत नव्या चाकाचें कौतुक करून झालेलें असतें.

राहिला प्रश्न काढलेल्या जुन्या चाकाचा. तें भंगारांत टाकूं नये. जुन्या गाड्यांच्या पारखी लोकांना मूळचे भाग मूळच्या जागीं हवे असतात, आणि गाडीची किंमत त्याप्रमाणें वर-खालीं होते. तडे गेलेलें चाक बरेंहि होतें: भेग खरवडून रुंद करावी, इपॉक्सीचा दोन भागांचा लगदा भरावा, वाळल्यावर घांसून समतळ करावा, आणि अस्तर देऊन रंग द्यावा. कित्येक मालकांना हें केल्यावर असें आढळतें कीं नव्या चाकाची गरजच नव्हती. ज्यांना ती आहे त्यांनीं जुनें चाक, त्याचा नट, टोपी आणि स्प्रिंग असें सर्व कापडांत गुंडाळून, चिठ्ठी लावून ठेवावें. जी दुरुस्ती उलटवितां येते ती गाडीच्या इतिहासावर डाग पाडीत नाहीं. पुढच्या पिढीला वाटलें तर ती अर्ध्या दिवसांत मूळ रूप परत आणूं शकते.

अशा रीतीनें पाहिलें असतां, चाक बदलण्याच्या या छोट्या कामांत मालकाला तीन जणांशीं प्रामाणिक राहावें लागतें. ज्यांनीं ती गाडी घडविली त्यांच्याशीं, म्हणून मूळ वस्तु जपून ठेवावी. पुढें जो ती गाडी चालवील त्याच्याशीं, म्हणून जोडणींत कसर करूं नये. आणि स्वतःच्या छातीशीं, म्हणून गादी आणि चेपणारा खांब यांना शोभेपुढें दुय्यम मानूं नये. एवढें सांभाळून कोणी आपल्या जुन्या पाँटिअकला वा मस्टँगला गुळगुळीत लांकडाचें चाक बसविलें, आणि रविवारीं सकाळीं मोकळ्या रस्त्यावर त्याच्या मुठींत तें आरामांत विसावलें, तर त्या आनंदाला कोणीहि नांवें ठेवूं नयेत.